कारखान्यात कापलेलं घर, नागपूरचं ऊन आणि काळी माती

आधी निकाल सांगते, सुनावणी नंतर. काटोल रोडवर फेटरीच्या पुढे आमचा प्लॉट आहे. तिथे आम्ही वीट-सिमेंटचं न बांधता स्टीलच्या सांगाड्याचं, कारखान्यात कापून आणलेलं घर उभं केलं आणि आता तिथेच राहतो. घर चांगलं आहे. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठे कापला ते पुढे येईलच. कंपनीचं नाव देत नाही, कारण नागपुरात आता अशा बऱ्याच कंपन्या गिऱ्हाईक शोधत फिरतात आणि मला जे सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतं.

माझा मसाल्याचा आणि ऑर्डरप्रमाणे जेवणाचा धंदा आहे. आधी त्रिमूर्ती नगरात राहायचो. वरच्या मजल्यावर डोक्यावर उघडा स्लॅब. मे महिन्यात रात्री दोन वाजेपर्यंत तो स्लॅब दिवसभराचं ऊन परत करत राहायचा. त्याच काळात माझ्या दिराने बेसा भागात घर बांधायला काढलं. कन्हान नदीची रेती कधी मिळे, कधी बंद. मिस्त्री लग्नसराईत गायब. उन्हाळ्यात तराईला, म्हणजे ओल्या सिमेंटवर पाणी मारायला, टँकर. ते हाल बघून आमचे हे म्हणाले, "आपण हा ताप डोक्यावर घ्यायचा नाही." मग शोध सुरू झाला.

माझी भाची टेक्सासमध्ये असल्याच घरात राहते. तिचं घर दोन अर्ध्या भागांत ट्रकवरून आलं आणि जागेवर जोडलं गेलं. तिकडे या घरांना 15 जून 1976 पासून केंद्र सरकारचा एकच नियमसंच लागू आहे. प्रत्येक भागावर तपासणीचा लाल धातूचा बिल्ला ठोकलेला असतो आणि घराखालची लोखंडी चासी कायम तशीच राहते. तिचं स्वयंपाकघर व्हिडिओवर बघून मला वाटलं, आपणही अस्संच तयार घर मागवू. इथे तसं होत नाही, आणि कारण अगदी साधं आहे. आपल्या मोटार वाहन नियमांत ट्रकची रुंदी 2.6 मीटरपर्यंत. त्याहून रुंद काही न्यायचं तर वेगळी परवानगी काढा. आणि रस्त्याने परवानगी दिली तरी आमच्या प्लॉटकडे वळायच्या कोपऱ्यावर विजेच्या तारा इतक्या खाली लोंबतात की कडब्याची गाडीसुद्धा वाकडी करून न्यावी लागते. म्हणून इकडे बहुतेक कंपन्या अख्खं घर आणत नाहीत. भिंतींचे सांगाडे आणतात आणि जागेवर जोडतात. बाकीचं, म्हणजे बोर्ड लावणं, छत, प्लंबिंग, रंग, सगळं प्लॉटवरच होतं. शोरूममधला माणूस "फॅक्टरी फिनिश" म्हणतो ना, ते अर्धंच खरं. आमचा दीड स्टार या प्लॉटवरच्या अर्ध्या भागात गेला.

कारखान्यातला भाग मात्र मानलं बाप्पा! सही करायच्या आधी आम्ही कारखाना बघायला गेलो, तुम्हीही जा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्टीचं भलंमोठं वेटोळं एका टोकाला लावलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाने, सोऱ्यातून शेव पडावी तशी, वाकवलेली, भोकं पाडलेली, मापात कापलेली पट्टी बाहेर पडते. पट्टीची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. वायर कुठून जाणार ती भोकंही तिथेच. प्रत्येक तुकड्यावर नंबर छापलेला. आमच्या प्लॉटवर चार पोरांनी नंबर जुळवत सांगाडा उभा केला आणि शेवटी कर्ण मोजले तर खोल्या काटकोनात निघाल्या. दिराच्या नव्या घरात आजही कपाट कोपऱ्यात लावलं की मागे एका बाजूला बोट जातं आणि दुसऱ्या बाजूला जात नाही.

हे तंत्र काही हवेतलं नाही. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2021 ला सहा शहरांत लाइट हाऊस प्रकल्पांची पायाभरणी केली, प्रत्येक ठिकाणी साधारण हजार घरं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं तंत्र. आगरताळ्याला हाच हलक्या स्टीलचा सांगाडा होता, इंदूरला सँडविच पॅनल, म्हणजे दोन पाट्यांमध्ये हलकं भरण. पण ती साधी, माफक घरं. आम्हाला विकत होते ते "लक्झरी" घर, आणि तिथून माझी कुरकुर सुरू होते.

लक्झरीच्या यादीत काय होतं? इटालियन मार्बल, छतात लपवलेले दिवे, मोबाइलवर चालणारे पडदे, बाथरूममध्ये काचेचं खोकं. या सगळ्यासकट भाव चौरस फुटाला 2,800 रुपये, जीएसटी वेगळा. यादी दोनदा वाचली. छताच्या पॅनलची, म्हणजे दोन पत्रे आणि मधलं भरण यांची, जाडी कुठेच नव्हती. विचारलं तेव्हा कळलं, 50 मिलिमीटर. 100 चं लावा म्हटलं तर त्या मुलाने असं बघितलं जसं काही मी घराला दुसरं घर मागितलं. वाढीव खर्च काढून दिला, तर तो मार्बलच्या खर्चाच्या पावसुद्धा नव्हता. मार्बल रद्द केला, साधी व्हिट्रिफाइड फरशी घेतली आणि छत जाड केलं. नागपुरात पैसेवाल्याचं घर कसं ओळखायचं, तर मे महिन्यात दुपारी तीन वाजता दिवाणखान्यात बसून. खालचा दगड कुठल्या देशाचा आहे हे तेव्हा कोणी विचारत नाही.

इथल्या उन्हाची गोष्ट बाहेरच्यांना थट्टा वाटते. 2024 च्या मे महिन्याच्या शेवटी रामदासपेठेतल्या स्वयंचलित यंत्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं. पण 2013 च्या मे महिन्यातले 47.9 खरे होते. अशा गावात पत्र्याखाली राहायचं म्हणजे लोक घाबरणारच. घाबरू नका, पण पत्र्याच्या पोटात काय भरलंय ते विचारा. दोन पत्र्यांमधला पफ, म्हणजे कडक फोम, तेवढ्याच जाडीच्या विटेपेक्षा पंचवीस-तीस पटींनी कमी उष्णता आत सोडतो. आमच्याकडे त्याखाली पोकळी, मग रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी), मग फॉल्स सीलिंग. दुपारी सीलिंगला हात लावला तर हात निवांत राहतो. आणि सूर्य कलल्यावर खिडक्या उघडल्या की घर झपाट्याने थंड होतं. भिंतींनी दिवसभराचं ऊन साठवलेलंच नसतं, मग त्या परत काय देणार?

याची दुसरी बाजू शोरूमवाला सांगणार नाही. घराने ऊन साठवलं नाही तसा गारवाही साठवलेला नसतो. माझ्या माहेरी मातीच्या जाड भिंती होत्या. दुपारी दार उघडं राहिलं तरी आत सावली टिकायची. इथे भर दुपारी कोणी दार सताड ठेवलं की दहा मिनिटांत खोली बाहेरच्यासारखी. स्वयंपाकघरात मी दोन किलो धणे भाजायला घेतले की ती सगळी धग आतच कोंडते. म्हणून मसाला भाजायचं काम मागच्या पडवीत, आणि स्वयंपाकघराला मोठा एक्झॉस्ट. धंदा घरातून असेल तर भट्टीची जागा नकाशातच बाहेर काढा.

आता कूलर. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण नागपुरात यावर कोणी बोललं नाही तर घर फसतं. कंपनीचा डिझायनर बाहेरगावचा. नकाशा दाखवताना मी विचारलं, कूलरची खिडकी कुठे? तो म्हणाला, "मॅडम, एसी लावा ना." अरे बाबा, एसी आहेच. पण आमच्याकडे वाळ्याचा वास आल्याशिवाय उन्हाळा सुरू होत नाही, आणि दिवसभर सगळ्या घराला एसी लावून वीजबिल भरायला माझ्याकडे इटालियन मार्बल रद्द केल्याचे पैसे किती दिवस पुरणार! वीट-सिमेंटच्या घरात कूलरसाठी मागाहून भिंत फोडता येते, छिन्नी-हातोडीचं काम. इथे तो सांगाडा संगणकावरून कापलेला. भलत्या ठिकाणची उभी पट्टी कापली तर वरचं वजन कुठे जाईल हे इंजिनियरलाच विचारावं लागतं. तेव्हा कापणीच्या आधी प्रत्येक खोलीत कूलरची खिडकी, तिच्या समोरच्या बाजूला हवा बाहेर जायची खिडकी, आणि बाहेर जमिनीवर काँक्रीटचा ओटा, हे तिन्ही नकाशात काढून घ्या. कूलर भिंतीला ब्रॅकेटने टांगायचा विचार करू नका. पाण्याने भरलेलं ते धूड त्या बोर्डाच्या भिंतीचं काम नव्हे.

आणि ओल. कूलरच्या खिडकीच्या चौकटीला रोज पाणी लागतं. आमच्या बेडरूममध्ये आतून साधा जिप्सम बोर्ड लावून निघालेच होते ते लोक. मी अडवलं, बोर्डाचा एक तुकडा बादलीत बुडवून दाखवला. दुपारपर्यंत कागद सुटून आलेला आणि आतली भुकटी बोटाला लागत होती. मग मुकाट्याने त्या दोन भिंतींना आतूनही सिमेंटचा बोर्ड लावून दिला. ओल न धरणारे जिप्सम बोर्डही मिळतात, पण त्यावर रोज पाणी मारलेलं चालत नाही. कूलरच्या भिंतीला सिमेंटचाच मागा.

पायाबद्दल सगळ्यात मोठी थाप ऐकली ती अशी: "घर हलकं आहे ताई, पाया साधा चालतो." आमच्या भागात वरून फूट-दीड फूट नव्हे, चांगली खोल काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात इतकी भेगाळते की भेगेत हात जातो. जड घर निदान तिला दाबून तरी धरतं. हलक्या घराला ती खुशाल वर उचलते, तेही एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी. म्हणजे हलकं घर आहे म्हणूनच पाया नीट हवा, उलट नाही. आमच्या ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरने रुडकीच्या सीबीआरआय या सरकारी इमारत संशोधन संस्थेने रुजवलेल्या पद्धतीचे अंडर-रीम्ड पाइल घालायला लावले. जमिनीत साडेतीन मीटर खोल भोक घ्यायचं, तळाशी ते अवजाराने फिरवून साधारण अडीच पट रुंद करायचं आणि मग सळई-काँक्रीट. तो खालचा फुगवटा घराला धरून ठेवतो. वरच्या प्लिंथ बीमखाली, म्हणजे जोत्याच्या तुळईखाली, तीन इंच पोकळी ठेवायची, माती फुगली तर तिला जागा मिळावी म्हणून. ही पोकळी राखणं हे खरं युद्ध! मी चहा द्यायला गेले तर पोरं मुरूम टाकून ती बुजवत होती. "असं उघडं कसं ठेवायचं, साप शिरंल ना ताई." साप शिरू नये म्हणून बाहेरच्या बाजूने कडप्पा लावून घेतला, आत मात्र पोकळी ठेवलीच. पाया घालायला जितका वेळ गेला त्याच्या निम्म्यात वरचा सांगाडा उभा झाला, यावरून समजून घ्या घर नेमकं कुठे बांधलं जातं.

प्लिंथ आम्ही उंच घेतली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली, ते ज्यांनी बघितलं त्यांना उंच प्लिंथ समजावावी लागत नाही. बोर्डाच्या भिंतीत पाणी शिरलं तर पुसून काम भागत नाही, बोर्ड बदलावे लागतात. स्टीलला वाळवी लागत नाही हे खरं. पण शेताला लागून घर असेल तर उंदराला भिंतीची पोकळी म्हणजे फुकटचा फ्लॅट. खालच्या पट्टीची भोकं सगळी बुजवून घ्या, बोर्ड लावायच्या आधी, टॉर्च घेऊन स्वतः बघा.

पहिला पाऊस आला आणि छत गळलं. सोलरच्या पाइपसाठी पत्र्याला भोक पाडलं तिथे, आणि एका ओळीतल्या स्क्रूंपाशी. मी शिडी लावून चढायला लावलं त्यांच्या सुपरवायझरला. स्क्रूखालचा रबरी वायसर मशीनने इतका आवळला होता की तो चपटा होऊन कडेने बाहेर आलेला आणि उन्हाने तडकलेला. शेजारच्या ओळीत वायसर पुरता गोल, नीट बसलेला, आणि तिथे थेंब नाही. म्हणजे वस्तू चांगली, हात वाईट. ती ओळ बदलून दिली, पण त्यासाठी मला किती फोन करावे लागले ते लिहिलं तर हा लेख संपणार नाही. अर्धा स्टार तिथे गेला. उरलेला एक विक्रीनंतरच्या सेवेचा आणि साइटवरच्या देखरेखीचा. कारखान्यात इंजिनियर, प्लॉटवर बदलते ठेक्याचे मजूर, हे कोणत्याच कंपनीने आम्हाला आधी सांगितलं नाही.

छताबद्दल अजून दोन गोष्टी. जोराचा पाऊस पत्र्यावर ऐकू येतो, जाड पॅनल असलं तरी. आमच्या ह्यांना आवडतो, मला फोनवर ऑर्डर घ्यायची असते तेव्हा नाही. आणि गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूने माकडं येतात. अख्खी टोळी सकाळी छतावरून धावत गेली की पाहुणे अंथरुणातून उठून बसतात. पॅनलला काही होत नाही, पण पन्हाळीला लोंबकळून त्यांनी ती वाकवली. आता जाड, जवळजवळ ब्रॅकेट लावलेली पन्हाळ आहे.

भिंतीवर बोट वाजवून बघणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय खेळ. माझ्या मावससासूबाई आल्या, चप्पल काढायच्या आधी भिंत वाजवली. "काहून वो, पोकळ वाजून राहिली! चोरानं लात मारली तं?" आतून स्टील आहे, दोन्हीकडे बोर्ड, मध्ये रॉकवूल, चोराला लात मारून पाय दुखेल, असं सांगितलं. पटलं नाही त्यांना. पण वाजण्यापेक्षा टांगण्याचा प्रश्न खरा आहे. देवघर, गिझर, स्वयंपाकघरातली वरची कपाटं, टीव्ही, हे जिथे येणार तिथे बोर्डामागे प्लायवूडची पट्टी आधीच घालून घ्यावी लागते. आम्ही घरभर फिरून भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या. एक खूण राहिली असती तर आज गजानन महाराजांचा मोठा फोटो खुर्चीवर बसलेला दिसला असता. खोल्यांच्या मधल्या भिंतींत रॉकवूल भरत नाहीत, पैसे वाचवतात. तेही मागून घ्या, नाहीतर हॉलमधली मालिका बेडरूममध्ये संवादासकट ऐकू येते.

एका गोष्टीवर माझा अजून राग आहे. गच्ची नाही. उतरतं छत घेतलं कारण ऊन-पावसाला तेच बरं. पण वाळवण कुठे घालायचं? कुरड्या, सरगुंडे, ज्वारीचे पापड, वड्या, यांना कडक ऊन आणि माणसाच्या पायाखाली न येणारी उंच जागा लागते. सपाट स्लॅबसारखं छतही होतं या पद्धतीत, डेक शीटवर, म्हणजे पोलादी पत्र्यावर, काँक्रीट ओतून, पण मग वजन वाढतं, खर्च वाढतो आणि डोक्यावर तोच तापणारा स्लॅब परत येतो. शेवटी मागे पाइल घालून एक वेगळी लोखंडी माची केली, जाळी लावून, माकडांसाठी. या माचीचे पैसे घराच्या हिशोबात धरा, गृहिणी असाल तर.

कागदपत्रांत फार गोष्ट नाही, पण एक आहे. "टेम्पररी स्ट्रक्चर आहे, नकाशा मंजूर करावा लागत नाही" असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. पाया घालून राहायचं घर आहे, भिंत विटेची असो की बोर्डाची. आमचा भाग एनएमआरडीएत, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, येतो, त्यामुळे मंजुरी तिथून. कर्जाला पहिल्या बँकेने तोंड वाकडं केलं, त्यांच्या व्हॅल्युअरला हे घर कुठल्या रकान्यात टाकावं कळेना. दुसरीने स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला आणि मंजूर नकाशा बघून दिलं, पण रक्कम कमी. म्हणजे खिशातले जास्त लागतात. कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात 18 टक्के जीएसटी असतो, तो धरूनच तुलना करा. आणि पाया, कंपाउंड, बोअरवेल, सेप्टिक टँक हे बहुतेक कोटेशनमध्ये नसतातच.

सगळं धरून आमचं घर दिराच्या घरापेक्षा चौरस फुटाला महागच पडलं, स्वस्त नाही. ज्यांना स्वस्त हवंय त्यांनी फ्लाय अॅशच्या विटा आणि ओळखीचा मिस्त्री घ्यावा. आम्ही जास्तीचे पैसे दिले ते तराईच्या टँकरशिवाय, रेतीच्या रडारडीशिवाय, ठरल्या वेळेच्या आसपास घर मिळावं म्हणून आणि रात्री झोप लागावी म्हणून. दोन्ही मिळालं. दुसरा मजला मागाहून चढवायचा विचार असेल तर मात्र या भानगडीत पडू नका, किंवा तो मजला आजच्याच डिझाइनमध्ये धरा.

करारात हे लिहून घ्या: छताच्या पॅनलची जाडी मिलिमीटरमध्ये, स्टीलवरच्या जस्ताच्या मुलाम्याचं वजन, कुठल्या भिंतीला कुठला बोर्ड, आणि पहिल्या दोन पावसाळ्यांतल्या गळतीची दुरुस्ती त्यांच्या खर्चाने. शेवटचा हप्ता पहिला पाऊस पडून गेल्यावरच द्यायचा, ही अट आमच्या ह्यांनी घातली होती. सुपरवायझर छतावर चढला तो माझ्या फोनमुळे नाही, त्या हप्त्यामुळे.